मे महिन्यातला समुद्र, यवतमाळहून

यवतमाळ शहरापासून मुंबईचा किनारा सरळ रेषेत मोजला तर साधारण पावणेसहाशे किलोमीटर भरतो. पूर्वेला काकिनाड्याचा किनारा मोजा, तोही जवळपास तेवढाच. म्हणजे दोन्ही समुद्र सारखेच लांब. त्यातही गंमत अशी, की जिल्ह्याचे पाणी एका समुद्राला जाते आणि पावसाळ्याचा वारा दुसऱ्याकडून येतो. उत्तर-पूर्वेच्या सीमेवरून वर्धा वाहते, दक्षिणेच्या सीमेवरून पैनगंगा. वणीच्या पुढे दोघी भेटतात, वैनगंगेला मिळून प्राणहिता होतात, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि बेंबळा-अरुणावतीतले पाणी अखेर बंगालच्या उपसागराला पोचते. वारा मात्र सोमालियाच्या बाजूने निघतो, अरबी समुद्र ओलांडतो, कोकण भिजवतो, सह्याद्री चढतो आणि जूनच्या मध्याला राळेगाव-घाटंजीच्या शेतांवर येतो.

समुद्रपक्ष्यांचे प्रकरण या जिल्ह्यापासून सुरू करायला एवढे कारण पुरे आहे. कारण वैशाखाच्या शेवटी किनाऱ्यावरून जे पक्षी दिसतात, त्यांचे सगळे गणित या वाऱ्यावर बसवलेले असते. धूळपेरणी करून आभाळाकडे बघणारा शेतकरी आणि अंटार्क्टिकाहून निघालेला वीतभर पक्षी, दोघेही एकाच वाऱ्याच्या भरवशावर असतात.

विदर्भातले बरेच पक्षिनिरीक्षक मार्च सरला की दुर्बीण पेटीत घालतात. बदके गेलेली, पट्टकदंब हिमालयापलीकडे निघालेले, निळोणा आणि चापडोहच्या काठचा गाळ भेगाळलेला, दुपारी पारा पंचेचाळिसाच्या आसपास. मे हा पक्षी पाहायचा महिनाच नव्हे, असे ठरून गेलेले असते. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रावर, नेमकी याच महिन्यात वर्दळ वाढते आणि ती पाहायला जवळजवळ कोणी नसते. कोकणात तेव्हा माणसांची कमी नाही. पण ती आंब्याला, लग्नाला आणि समुद्रात डुंबायला आलेली असतात. समुद्राकडे निवांत बघतात ती संध्याकाळी, सूर्यास्ताला. पक्षी पाहण्याच्या दृष्टीने त्याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आधी घरचे पाहू. समुद्रपक्ष्यांच्या कुळातला एक पक्षी यवतमाळ जिल्ह्यातच राहतो: नदी सुरय. पिवळीधमक चोच, डोक्यावर काळी टोपी, पाठ राखाडी, पाय लाल, शेपटीला खोल खाच. वर्धा आणि पैनगंगेवर, मोठ्या धरणांच्या जलाशयांवर तो वर्षभर दिसू शकतो. त्याचे मासे मारणे एकदा नीट पाहिले की पुढे समुद्रावर फार उपयोग होतो. तो पाण्यावरून संथ उडत येतो, चोच खाली रोखलेली असते. मध्येच थांबतो, एका जागी पंख फडफडवतो, आणि पंख आवळून सरळ पाण्यात पडतो. पाणी उडते, पक्षी लगेच वर येतो, अंग झटकतो, आणि चोचीत मासा असेल तर तो हवेतल्या हवेत फिरवून डोक्याच्या बाजूने गिळतो. समुद्रावरचे सुरयही थोड्याफार फरकाने हेच करतात.

नदी सुरयाची वीण फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत चालते. घरटे म्हणजे उघड्या रेतीतला एक उथळ खळगा, दुसरे काही नाही. तापलेल्या रेतीवर अंडी उबवण्यापेक्षा ती शिजू न देणे हेच मोठे काम असते. पक्षी उन्हाकडे पाठ करून अंड्यांवर सावली धरतो, मध्येच उडून पाण्यात पोट भिजवून येतो आणि ओल्या पिसांनी अंडी गार करतो. पूर्वी उन्हाळ्यात पात्रात डांगराच्या वाड्या असायच्या, माणसांची ये-जा असायची, तरी बेटे शिल्लक राहायची. आता ट्रॅक्टर आणि पोकलेन थेट बेटापर्यंत जातात. रेतीचा उपसा, मोकाट कुत्री आणि धरणातून अवेळी सुटणारे पाणी, या तिघांनी मिळून नदी सुरयाला जागतिक यादीत ‘असुरक्षित’ या वर्गात नेऊन बसवले आहे. वाळूच्या लिलावाच्या कागदांत या पक्ष्याला कुठेच रकाना नसतो.

एप्रिल-मेमध्ये त्याच जलाशयांवर दुसरे एक सुरय दिसतात. आकाराने लहान, पोट गडद राखाडी, गालावर पांढरा पट्टा. हे कल्लेदार सुरय. हिवाळ्यात ते फिकट आणि ओळखायला कंटाळवाणे असतात. आता विणीचा पोशाख चढलेला असतो आणि उत्तरेकडे निघायची तयारी चाललेली असते. यांचे नाव आणि पोटाचा रंग लक्षात ठेवा, शेवटी त्याची गरज पडणार आहे.

हिवाळ्यात कोकणच्या बंदरांवर, मासळीच्या ढिगांभोवती आरडाओरडा करणारे कुरव आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात. पर्यटक त्यांना बोटीवरून शेव-गाठी टाकतात. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव हा खरे तर डोंगरातला पक्षी. लडाखमधल्या त्सो मोरिरीसारख्या सरोवरांवर, तिबेटच्या पठारावर आणि मध्य आशियात त्याची वीण होते. पल्लासचा मोठा कुरव मध्य आशियातल्या सरोवरांवरून येतो, ह्यूग्लिनचा कुरव रशियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रातून. ही मंडळी किनाऱ्यावर पोचतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात, ती जमिनीवरूनच. म्हणजे दख्खनचे पठार, विदर्भ, सातपुडा हे सगळे त्यांच्या वाटेखाली येते. उजनी आणि जायकवाडीला ते उतरलेले दिसतात, कारण तिथे पाणी मोठे आहे आणि बघणारेही नियमित जातात. यवतमाळवरून जाणारे बहुधा रात्री आणि उंचावरून जातात. बेंबळेच्या धरणावर मार्चअखेर पहाटे थोडी चिकाटी धरली तर एखादा कुरव पाण्यावर बसलेला सापडायला हरकत नाही.

मे उजाडेपर्यंत किनाऱ्यावरचे कुरव बहुतेक गेलेले असतात. उरतात ती दुबळी किंवा वयात न आलेली पोरे. बंदर शांत होते. आणि मग समुद्राच्या आतल्या बाजूने, किनाऱ्यापासून थोडे लांबून, वेगळीच माणसे जाऊ लागतात. माणसे म्हटले ते चुकून नाही; ज्यांना जमिनीशी फक्त अंडी घालण्यापुरते देणेघेणे असते, अशा पक्ष्यांबद्दल ‘हे कोण?’ असाच प्रश्न तोंडात येतो.

पहिला विल्सनचा पेट्रेल. वजन 35 ते 40 ग्रॅम, म्हणजे चिमणीच्या दीडपट. रंग काजळी, कमरेवर पांढरा पट्टा, पाय इतके लांब की उडताना शेपटीच्या मागे दिसतात. बोटांमधले पडदे पिवळे असतात, पण ते दिसायला पक्षी फार जवळ यावा लागतो. याची वीण अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि आसपासच्या बेटांवर, खडकांच्या फटीत होते. तिथला उन्हाळा संपला की तो विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो आणि आपल्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात अरबी समुद्रावर असतो. अंटार्क्टिकाच्या काठापासून कोकणापर्यंत सरळ रेघ ओढली तरी नऊ हजार किलोमीटर होतात. सरळ तर तो कधीच उडत नाही. खाणे टिपताना तो पाण्यावर बसत नाही. पंख वर धरून वाऱ्यावर अधांतरी राहतो, दोन्ही पाय पाण्याला टेकवत, आणि पृष्ठभागावरचे बारीक जीव उचलतो. लांबून पाहणाऱ्याला तो चालतोय असे वाटते.

दुसरा शिअरवॉटर. यातला मांसल रंगाच्या पायांचा मोठा शिअरवॉटर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या बेटांवर वाढतो आणि तिथला हिवाळा टाळायला उत्तर हिंदी महासागरात येतो. पर्शियन शिअरवॉटर त्याहून लहान, वर काळपट, खाली पांढरा. तो अरबी समुद्राचाच रहिवासी आहे आणि ओमानजवळच्या बेटांवर वीण करतो. तिसरा लगामी सुरय. त्याच्या कपाळावरून डोळ्यामागे गेलेला पांढरा पट्टा, वर तपकिरी-करडा रंग आणि एक सवय त्याला चटकन ओळखू देते: तो तरंगत्या ओंडक्यावर, सुटलेल्या बोयावर, कधी समुद्री कासवाच्या पाठीवर बसून प्रवास करतो. समुद्रात आपण टाकलेल्या कचऱ्याचा काही उपयोग होत असेल तर तो एवढाच.

आणि स्कुआ. हा उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात वीण करणारा, कुरवाच्या नात्यातला, पण धंदा लुटारूचा. मासा घेऊन चाललेल्या सुरयाला तो हेरतो आणि मागे लागतो. सुरय वळतो, खाली बुडी मारतो, वर चढतो. स्कुआ प्रत्येक वळण त्याच्या मागोमाग घेतो. शेवटी सुरय मासा टाकतो किंवा गिळलेला ओकतो, आणि तो पाण्यात पडायच्या आत स्कुआ उचलतो. हिवाळा आपल्या समुद्रावर काढलेले स्कुआ एप्रिल-मेमध्ये उत्तरेला निघतात. म्हणजे याच महिन्यात दक्षिण गोलार्धातले पाहुणे येत असतात आणि उत्तरेचे जात असतात. एकाच सकाळी दोन्ही ध्रुवांकडचे पक्षी दिसू शकतात ते यामुळे.

ते नेमके इथे का येतात, हे वाऱ्याच्या गोष्टीशिवाय कळत नाही. मेच्या सुमाराला विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघालेला वारा पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना अडून वळतो आणि सोमालियावरून अरबी समुद्रात घुसतो. समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा एक अरुंद, फार जोराचा झोत असतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने 1969 मध्ये त्याचे नीट वर्णन केले, म्हणून त्याला फिंडलेटर झोत म्हणतात. हा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावरचे वरचे कोमट पाणी समुद्राच्या आत ढकलतो. त्याची जागा घ्यायला खालचे थंड, क्षारांनी भरलेले पाणी वर येते. केरळच्या किनाऱ्याजवळही पावसाळ्यात असेच घडते. वर आलेल्या पाण्यात वनस्पतिप्लवक माजतात, त्यांवर प्राणिप्लवक, त्यांवर मासे. आपण ज्याला मॉन्सून म्हणतो तो समुद्रासाठी नांगरट आहे.

एवढ्या पाण्यात नेमके खाणे कुठे, हे पेट्रेल आणि शिअरवॉटर वासाने शोधतात. त्यांच्या चोचीवर नाकपुड्यांची नळी असते. समुद्राचे पाणी पिऊन शरीरात साचलेले मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी गाळतात आणि ते दाट खारट थेंब या नाकावाटे गळतात. पण त्या नाकाचे दुसरे काम जास्त नवलाचे. प्राणिप्लवक वनस्पतिप्लवकांना खाऊ लागले की डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. समुद्राचा जो ‘समुद्रासारखा’ वास आपल्याला येतो, त्यात याचा वाटा असतो. गॅब्रिएल नेव्हिट आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवून दिले, की अंटार्क्टिक समुद्रातले अनेक नळीनाके पक्षी या वायूच्या मागावर खाण्यापर्यंत पोचतात. सपाट निळ्या पाण्यावर आपल्याला काहीच दिसत नाही तिथे त्यांना चढउतार आणि रस्ते असतात.

उडण्याची रीतही वाऱ्यातूनच आलेली. पाण्यालगत घर्षणामुळे वारा मंद असतो आणि जसजसे वर जावे तसा तो वाढतो. शिअरवॉटर लाटेच्या खळग्यातून वाऱ्याकडे तोंड करून वर उठतो. प्रत्येक थरात समोरून अधिक जोराचा वारा मिळतो, म्हणून पंख न हलवता तो चढत राहतो. वर पोचला की कूस बदलतो, वाऱ्याच्या दिशेने घसरत खाली येतो, वेग घेतो आणि पुन्हा वळतो. ही युक्ती लॉर्ड रॅले या भौतिकशास्त्रज्ञाने 1883 मध्ये कागदावर मांडली. वारा पडला की हेच पक्षी पाण्यावर बसून राहतात. म्हणून शांत, निळा, फोटोत छान दिसणारा समुद्र पक्षिनिरीक्षकाच्या कामाचा नसतो. खवळलेला, पांढरे फेस फुटणारा, नैर्ऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर येणारा दिवस हवा. असा वारा खोल समुद्रातल्या पक्ष्यांना किनाऱ्याकडे रेटतो.

आता उभे कुठे राहायचे? पुळणीवर नको. माणसाच्या डोळ्यांची उंची पाण्यापासून दोन मीटर धरली तर क्षितिज पाच किलोमीटरवर येते. तीस मीटर उंच कड्यावर गेलो की ते वीस किलोमीटरपर्यंत सरकते. तेवढ्या लांबचा पक्षी दिसत नाही, हे खरे. चांगल्या दुर्बिणीतूनही ओळखण्याजोगा पक्षी दोन-तीन किलोमीटरच्या आतलाच. उंचीचा खरा फायदा वेगळा आहे. खालून पाहिले तर पक्षी लाटेमागे गेला की संपला. वरून पाहिले तर दोन लाटांमधला खळगाही दिसतो. कोकणात अशी ठिकाणे शिवाजी महाराजांच्या आणि आधीच्या काळापासून निवडून ठेवलेली आहेत. शत्रूची गलबते दिसावीत म्हणून जिथे किल्ले बांधले, तिथेच नंतर दीपगृहे झाली आणि तीच जागा पक्ष्यांसाठी उत्तम. रत्नागिरीचा रत्नदुर्ग, जयगड, देवगड, निवतीचा किल्ला, रेडीचा यशवंतगड. यवतमाळकरांनी धामणगावहून मुंबई गाठावी, पुढे कोकण रेल्वे. आंब्याच्या पेट्या परत येताना घेता येतात.

पहाटे उजाडताना सड्यावर पोचावे. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी सूर्य पाठीमागे असतो, समुद्र उजळलेला आणि पक्ष्यांचे रंग स्पष्ट. दुपारनंतर सूर्य समोर येतो, पाणी चमकते आणि सगळे पक्षी काळे दिसू लागतात. सूर्यास्ताला तर डोळे चोळत बसण्यापलीकडे काही हाती लागत नाही. तिकाटण्यावरची दुर्बीण असेल तर ती एका जागी रोखून ठेवावी आणि आपोआप समोरून कोण जाते ते पाहावे. नसेल तर आठ पट मोठे दाखवणाऱ्या साध्या दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे, क्षितिजाच्या थोडे खाली, सावकाश नजर फिरवावी. पहिला अर्धा तास काहीही दिसत नाही. नवखा माणूस तेवढ्यात उठून न्याहारीला जातो. खरे म्हणजे त्या अर्ध्या तासात डोळा लाटा वजा करायला शिकत असतो.

रंगावरून ओळखायच्या फंदात सुरुवातीला पडू नये. चाल बघावी. सुरय उडतो तो उसळत, प्रत्येक फडफडीला अंग किंचित वरखाली होते. शिअरवॉटर ताठ पंखांनी तिरपा होत जातो, एकदा पाठ दिसते, एकदा पोट. स्कुआ जड छातीचा, सरळ, कामावर निघाल्यासारखा. पेट्रेल पाण्याला चिकटून, पाकोळीसारखा वाकडातिकडा. पक्षी कोणत्या दिशेला चालला आहे, वारा कुठून आहे, तासाला किती गेले, हे वहीत लिहावे आणि जमल्यास ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावे. ‘ओळखला नाही, सुरय, उत्तरेकडे’ ही नोंदसुद्धा चालते. एकट्या माणसाची सकाळ काही सिद्ध करत नाही. वर्षानुवर्षांच्या, वेगवेगळ्या कड्यांवरच्या वह्या एकत्र आल्या तरच कोण कधी येतो याचे चित्र उभे राहते. आपल्याकडे हिवाळ्याच्या वह्या भरलेल्या आहेत, मे-जूनच्या कोऱ्या.

त्याला एक साधे कारण आहे. 1 जूनपासून 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्याच्या आधीच वाऱ्याचा रंग बघून तांडेल होड्या वर ओढायला लागतात. पक्षी यायला आणि होड्या किनाऱ्याला लागायला एकच मुहूर्त. त्यामुळे खोल समुद्रात जाऊन हे पक्षी पाहणे जवळजवळ अशक्य होते आणि कड्यावरून पाहणे एवढाच मार्ग उरतो.

वेंगुर्ला रॉक्सची हकिगत याच अडचणीची आहे. निवती-वेंगुर्ल्यासमोर समुद्रात उभा असलेला हा खडकांचा पुंजका, त्यावर दीपगृह. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर समुद्री सुरयांची खरी वसाहत असलेली ही जागा. ॲलन ह्यूम, म्हणजे 1885 मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढे असलेला तोच इंग्रज अधिकारी, पक्ष्यांचा अट्टल नादी होता. 1875 मध्ये तो जहाजाने लक्षद्वीप आणि पश्चिम किनारा धुंडाळत गेला, आणि पुढच्या वर्षी ‘स्ट्रे फेदर्स’ या स्वतःच्याच नियतकालिकात त्याने या सफरीचा लांबलचक वृत्तान्त छापला; त्यात हे खडकही येतात. नंतर हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1940 आणि 1942 मध्ये लिहिले. लगामी सुरय इथे दगडांच्या कपारीत, सावलीला एकेकटे अंडे घालतो. गुहांमध्ये लाळेची घरटी करणाऱ्या पाकोळ्या आहेत, आणि त्या घरट्यांना परदेशात सुपासाठी किंमत मिळते म्हणून त्यांची चोरीही झालेली आहे. ऐन विणीच्या दिवसांत समुद्र खवळलेला, होडी लागणे कठीण. पक्ष्यांना हीच जागा का आवडली असेल याचे उत्तर त्यातच आहे.

कोकणात जाणे जमले नाही तरी समुद्र ओलांडून आलेला एक पक्षी यवतमाळच्या शेताच्या बांधावर येतोच. चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरा ठिपका. आफ्रिकेहून निघून मोसमी वाऱ्याचा आधार घेत अरबी समुद्र पार करतो आणि मेअखेर-जूनमध्ये मध्य भारतात पोचतो. इथे आला की सातभाईच्या घरट्यात अंडे घालून मोकळा होतो. ‘पेर्ते व्हा’ ओरडणारा पावशा सगळ्यांच्या ओळखीचा, पण तो असा समुद्र ओलांडून येत नाही. वाऱ्याची पक्की बातमी हवी असेल तर ती चातकाकडे. रोहिणी सरून मृग लागता लागता कुठल्या दिवशी पहिला चातक दिसला, एवढे जरी प्रत्येक गावात कुणी लिहून ठेवले तरी मोठे काम होईल.

हा प्रवास कसा होतो ते चातकाच्याच कुळातल्या एका कुक्कूने दाखवून दिले. मंगोलियात 2019 च्या उन्हाळ्यात त्याच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले होते, नाव ठेवले होते ओनॉन. तो आफ्रिकेत झांबियापर्यंत गेला आणि 2020 च्या एप्रिलअखेर सोमालियाकडून समुद्रावर झेपावून, न थांबता, मध्य प्रदेशात येऊन उतरला. समुद्रावर बसता न येणाऱ्या पक्ष्याने हे केले. मंगोलियाला परत पोचेपर्यंत त्याचा एकूण प्रवास 26 हजार किलोमीटरच्या घरात गेला होता. नागालँडमध्ये 2013 मध्ये यंत्रे बसवलेले अमूर ससाणेही भारतीय द्वीपकल्प आणि मग अरबी समुद्र एका दमात ओलांडून सोमालियाला गेले होते. समुद्रपक्षी आणि जमिनीवरचे पक्षी अशी आपण पुस्तकात केलेली वाटणी मेमधल्या वाऱ्यावर फारशी टिकत नाही.

कधी कधी उलटही होते आणि समुद्रपक्षी जमिनीवर येतो. 20 मे 2020 रोजी अम्फान चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दक्षिण बंगालमध्ये किनाऱ्यापासून आत नद्यांवर काजळी सुरय आणि इतर खोल समुद्रातले पक्षी दिसले. काजळी सुरय हा विशेष: एकदा घरटे सोडले की तो काही वर्षे जमिनीला पाय लावत नाही. पिसे पाण्यापुढे फारशी टिकणारी नसल्याने पाण्यावरही बसत नाही, उडता उडताच झोप घेतो. वादळाच्या मधल्या शांत भागात असे पक्षी अडकतात आणि वादळ जिकडे नेईल तिकडे जातात. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 3 जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा विरलेला अंश पश्चिम विदर्भावर होता. तेव्हा करोनाची टाळेबंदी होती. कुणी धरणांवर गेले असेल असे वाटत नाही. बंगालच्या उपसागरातली पावसाळी कमी दाबाची क्षेत्रे तर छत्तीसगडवरून विदर्भात नेमाने येतात. दोन्ही समुद्रांपासून सारख्या अंतरावर असण्याचा हा एक फायदा धरायचा.

म्हणून वादळ येऊन गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बेंबळा, पूस, अरुणावती, इसापूर यांपैकी जवळच्या मोठ्या पाण्यावर फेरी मारावी. थकलेला पक्षी काठावर बसलेला दिसला तर त्याला पुन्हा पाण्यात ढकलू नये, चोच उघडून पाणी ओतू नये. हवा खेळेल अशा खोक्यात, अंधारात आणि सावलीत ठेवावा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. उडत असलेला सुरय दिसला तर आधी पोट बघावे. पोट गडद राखाडी आणि गाल पांढरा असेल तर तो आपला कल्लेदार सुरय, घाई नको. चोच पिवळी आणि पाठ फिकट राखाडी असेल तर नदी सुरय. पण पाठ काळीशार, पोट पांढरेशुभ्र, कपाळ पांढरे आणि चोच काळी असेल, तर फोटो घ्या, वेळ लिहा आणि शेजारच्या तळ्यावर कुणी असेल तर त्यालाही बोलवा.